होमस्कूलिंग करताय? आधी भिंतीवरचा फळा काढा

होमस्कूलिंग, म्हणजे मुलाला शाळेत न पाठवता घरीच शिकवणं, सुरू करणारे बहुतेक आईबाबा पहिल्या आठवड्यात काय करतात तर एक फळा आणतात, टाइमटेबल छापून फ्रिजवर चिकटवतात, नऊ ते दहा गणित, दहा ते अकरा इंग्लिश, मधे दहा मिनिटं डबा खायची सुट्टी, आणि महिन्याभरात आई आणि पोर दोघंही रडकुंडीला आलेली असतात. शाळा ही एका वेळी चाळीस-पन्नास मुलं सांभाळायची सोय आहे, तिला घंटा लागते, तास लागतात, हजेरी लागते. तुमच्याकडे एक नाहीतर दोन पोरं आहेत आणि एक अख्खं चालतं घर आहे. त्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत मोजणं, तोलणं, हिशोब, दुरुस्ती, भांडणं, समेट सगळं चालूच असतं, आणि आपण काय करतो तर मुलाला त्यातून बाजूला काढून खोलीत बसवतो, हातात वर्कशीट देतो, आणि स्वतः किचनमधे जाऊन पोळ्या लाटतो!

तर माझं म्हणणं एकच आहे. मुलाला असं काम द्या की जे त्याने केलं नाही तर घराचं खरंच अडेल. खोटं काम मुलांना लगेच कळतं हो. दुकान-दुकान सात वर्षाचा मुलगा दोनदा खेळेल, तिसऱ्यांदा कंटाळेल, पण तोच मुलगा खऱ्या नोटा घेऊन मंडईत गेला आणि त्याने जी भाजी आणली तीच रात्री ताटात पडली की त्याचं डोकं वेगळंच चालायला लागतं. आमच्याकडे दोन आहेत, मोठी मुलगी अकरा वर्षांची, धाकटा सात, आणि खाली जे लिहितेय ते घरात रोजच्या रोज चालणारं आहे. मुलं शाळेत जात असली तरी यातलं निम्मं रविवारी करता येईल, त्यासाठी शाळा सोडायची गरज नाही.

आधी कायद्याचं सांगून टाकते कारण पहिला प्रश्न तोच येतो, हे चालतं का. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे आणि त्यात पालकांनी मुलाला जवळच्या शाळेत घालावं हे कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, पण नाही घातलं तर पालकांना अमुक शिक्षा असं काही त्या कायद्यात नाही. होमस्कूलिंगचं नावही त्यात नाही, परवानगी नाही, बंदी नाही, कुठे जाऊन नोंदणी करायची सोय पण नाही. म्हणजे मधल्यामधे लटकलेलं प्रकरण आहे, देशात बरीच कुटुंबं हे उघडपणे करतात, पण 'एकदम लीगल आहे, बिनधास्त करा' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलावू नका. परीक्षेचं वेगळं आहे, ते पुढे.

आता मंडई. यूपीआयमुळे झालंय असं की मुलांना पैसा दिसतच नाही, क्यूआर कोडवर फोन धरला, टिंग वाजलं, भाजी आली. म्हणून भाजीला रोख पैसे न्यायचे, एका जुन्या पाकिटात आठवड्याचे पैसे घालून ते मुलाच्या ताब्यात द्यायचे आणि मग मधे बोलायचं नाही, हे सगळ्यात अवघड आहे, भाजीवाली थांबलीय, मागे माणसं उभी आहेत आणि पोरगा बोटं मोजतोय, आपल्या तोंडात उत्तर येऊन बसलेलं असतं, तरी गप्प बसायचं. भेंडी ऐंशी रुपये किलो तर पाव किलोचे किती, आणि अर्धा किलो घेतली तर ती पस्तीसला देतेय म्हणजे खरंच स्वस्त पडली का, आणि पडली तरी अर्धा किलो भेंडी आपण संपवणार आहोत का. हा शेवटचा प्रश्न कुठल्याही गणिताच्या पुस्तकात नसतो! आणि हिशोब मराठीत करू द्या, सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, साडेतीनशे, हे कानावर नसलेली पोरं बारावीला जाऊनसुद्धा रिक्षावाल्याने पावणेदोनशे म्हटलं की बघत राहतात. जुनी माणसं पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी पाठ म्हणायची, म्हणजे अपूर्णांकांचे पाढेच. घरात आजोबा असतील आणि त्यांना येत असतील तर रोज संध्याकाळी एक म्हणून घ्या त्यांच्याकडून, त्यांनाही बरं वाटतं.

मोठ्या मुलांना लाइट बिल द्या. नुसतं वाचायला नाही, बिलाचं खातंच त्यांच्याकडे द्या. आमची मोठी दर रविवारी सकाळी मीटर बघते आणि रीडिंग वहीत लिहिते, आधीच्या रविवारचं वजा करते, झाले आठवड्याचे युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याच्यापेक्षा चढा, मग ३०१ ते ५०० अजून चढा, असे स्लॅब असतात, हे तिला एकदा समजलं आणि मग महिन्याच्या वीस-बावीस तारखेनंतर आमच्या घरात फॅन चालू ठेवून कुणी खोलीतून बाहेर पडू शकत नाही, पोलीस आहे घरात.

पण यातली खरी मजा मीटरवरच्या लाल दिव्यात आहे. डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि बाजूला बारीक अक्षरात एक आकडा असतो, आमच्या मीटरवर ३२०० आहे, तुमच्यावर वेगळा असू शकतो. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. आता काय करायचं, घरातलं सगळं बंद करायचं, फ्रिजचा पण स्विच बंद, वायफाय बंद, आणि एक मुलगा मीटरपाशी उभा, दुसरा आत, फोनवर स्टॉपवॉच. फक्त एक जुना फॅन चालू केला. साधारण ७५ वॅटचा असतो, मिनिटाला चारच्या आसपास लुकलुकायला हवा, कसा, तर हजार वॅट तासभर चाललं की एक युनिट, म्हणून ७५ वॅट म्हणजे तासाला ०.०७५ युनिट, गुणिले ३२००, म्हणजे तासाला २४०, म्हणजे मिनिटाला ४. मग फॅन बंद करून गीझर लावा, दोन हजार वॅटचा असेल तर मिनिटाला शंभराच्या वर जातो, मोजताच येत नाही, दहा सेकंदांचे मोजून सहाने गुणावे लागतात, आणि ही दहा सेकंद मोजायची युक्ती मुलांना आपण सांगायची नाही, त्यांना सुचेपर्यंत थांबायचं. दशांश अपूर्णांक, गुणाकार, एककं, सरासरी, सगळं एका तासात झालं आणि कुणी वही उघडली नाही. शेवटी सगळं बंद करूनही दिवा अधूनमधून लुकलुकत असेल तर घरात काहीतरी चालू राहिलंय, ते शोधायला मुलं घरभर पळतात, आमच्याकडे सेट-टॉप बॉक्स निघाला. मीटर लावलेल्या जागी वायरींना हात लावायचा नाही हे मात्र आधी दम देऊन सांगा, आणि लहान पोराला तिथे एकटं उभं करू नका.

स्वयंपाकघराबद्दल सगळे लिहितात, वाट्या मोजा, चमचे मोजा, ते ठीक आहे, करा. मी एकच गोष्ट नीट सांगते, दही. दूध उकळून कोमट होऊ द्या, मग पाच सारख्या वाट्या घ्या, प्रत्येकीत सारखंच दूध. पहिलीत चमचाभर विरजण घालून ओट्यावर ठेवायची. दुसरीत तेवढंच विरजण पण फ्रिजमधे. तिसरी विरजण घालून टॉवेलात गुंडाळून डब्यात. चौथीतलं दूध परत उकळत गरम करायचं आणि त्या गरम दुधातच विरजण घालायचं, मग ओट्यावर. पाचवीत विरजण नाहीच, नुसतं दूध. प्रत्येक वाटीवर कागद चिकटवा, आणि काय होईल असं वाटतं ते मुलाने आधीच लिहून ठेवायचं, हे आधी लिहिणं महत्त्वाचं आहे नाहीतर नंतर 'मला माहितीच होतं' सुरू होतं. मग दर दोन तासांनी वाटी जराशी तिरकी करून बघायची, ढवळायचं नाही.

टॉवेलातली सगळ्यात आधी लागते, ओट्यावरची मागोमाग, थंडीत तर खूपच मागे. फ्रिजमधली लागत नाही आणि गरम दुधातली पण लागत नाही. इथपर्यंत मुलं म्हणतात की दोन्ही सारख्याच फेल. आता त्या दोन वाट्या दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेलात गुंडाळून ठेवायच्या. फ्रिजवालीचं संध्याकाळपर्यंत दही होतं, आणि गरमवालीचं काही केल्या होत नाही! म्हणजे थंडीने विरजणातले जंतू मेले नव्हते, गप्प बसले होते, आणि उकळत्या दुधाने मेले. आमचा धाकटा यावर खूप वेळ गप्प होता आणि मग त्याने विचारलं की म्हणजे फ्रिजमधलं शिळं अन्न पण असंच का, आतले जंतू नुसते झोपलेत? हो, बहुतेक तसंच. त्याला मी एकदाही बॅक्टेरिया हा धडा शिकवलेला नाही. पाचवी वाटी बहुतेकदा नुसतीच नासते किंवा विचित्र वास येतो, ती आणि दिवसभर बाहेर राहिलेली चौथी, दोन्ही टाकून द्यायच्या, चाखायच्या नाहीत.

हळदीचा डाग साबणाने लाल का होतो हा प्रयोग पण सोपा आहे, पांढऱ्या रुमालावर हळदीचं पाणी, मग एका बाजूला साबण, एका बाजूला लिंबू, बघा काय होतं. रुमाल जुना घ्या.

रांगोळी. आता तुम्ही म्हणाल यात काय शिक्षण, तर ठिपक्यांची रांगोळी हे गणितच आहे. मधल्या ओळीत सात ठिपके आणि वर-खाली एकेक कमी करत चारपर्यंत यायचं, सात ते चार म्हणतो आपण, एकूण ठिपके किती? ३७. पाच ते तीन काढा, १९. तीन ते दोन, ७. आणि मधला नुसता एक ठिपका, १. आता हे एकाखाली एक लिहा, १, ७, १९, ३७, आणि मुलाला विचारा मधलं अंतर किती. सहा, बारा, अठरा. पुढच्या, म्हणजे नऊ ते पाचच्या रांगोळीत किती ठिपके येतील ते न मोजता सांगायचं, चोवीस मिळवायचे, ६१, मग अंगणात काढून मोजून बघायचे. प्रत्येक वेळी सहाच का वाढतात हे रांगोळीकडे वरून बघितलं की दिसतं, ती षटकोनी असते, सहा बाजू, प्रत्येक बाजूला एक वाढतो. आमच्या मुलीला हे दिसलं तेव्हा ती उठून नाचली आणि पायाने रांगोळी पुसली गेली, असो. पुढे दहावीला अंकगणिती श्रेढी येते तेव्हा हेच पुस्तकात भेटतं, रांगोळीशिवाय.

दिवाळीचा किल्ला मात्र मी सगळ्यात वर ठेवेन. एक किल्ला म्हणजे भूगोल, इतिहास, माती, पाणी, प्रमाण, सगळं आलं आणि मुलं स्वतःहून चिखलात बसतात. फक्त बाजारातले सैनिक आणून मातीच्या ढिगावर उभे करू नका. एक खरा किल्ला निवडा. राजगड घ्या, त्याला पद्मावती, संजीवनी, सुवेळा अशा तीन माच्या आणि मधे उंच बालेकिल्ला, वरून बघितलं तर पंख्याच्या पात्यांसारख्या तीन सोंडा दिसतात. फोनवर नकाशा टेरेन मोडवर टाकून मुलांसोबत बसा, कुठली सोंड लांब, कुठली अरुंद, दोन बोटांनी अंतर बघा, मग ठरवा की अंगणात एक वीत म्हणजे खरे किती मीटर. इथेच प्रमाण येतं आणि इथेच कळतं की उंचीला तेच प्रमाण धरलं तर किल्ला अगदी चपटा दिसतो, म्हणून उंची मुद्दाम वाढवावी लागते, नकाशे आणि मॉडेल बनवणारी माणसं पण हेच करतात. दगड-विटा रचून वर गोणपाट, त्यावर माती कालवून लिंपा, आणि दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी हळीव पेरा, पाणी शिंपडत राहा, हिरवंगार होतं.

माती सुकायच्या आत एक काम करायचं, वरून तांब्याने हळूहळू पाणी ओतायचं. पाणी कुठून वाहतं, कुठे माती कापतं, कुठे साचतं ते बघायचं. मग विचारायचं, तुम्ही किल्लेदार आहात, पाण्याची टाकी कुठे खोदाल? महाराष्ट्रातला सह्याद्री जवळजवळ सगळा काळ्या बेसाल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर, त्यात टाकी कोरतात, आणि गडावर पाणी टिकलं तर गड टिकतो. हे पुस्तकात वाचलं तर एक ओळ, अंगणात बघितलं की पोरं पुढच्या ट्रेकला टाकी शोधत फिरतात. फ्लॅटमधे राहत असाल तर मोठं पत्र्याचं घमेलं किंवा जुनं टब घेऊन गॅलरीत होतं, सोसायटीच्या कोपऱ्यात परवानगी काढून केलं तर अजून उत्तम, चार पोरं आपोआप जमतात.

आकाशाचं थोडक्यात. कॅलेंडरमधे संकष्टीचे चंद्रोदय गावागावाचे वेगळे दिलेले असतात, ते मुलांना वाचायला लावा, नागपूरचा चंद्र मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो, म्हणजे नागपूरची मावशी उपास आधी सोडते, का बरं? पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते एवढं एक सांगितलं की नकाशावर रेखांश बघून बाकीचं मुलं स्वतः काढतात. आणि मे महिन्यात शून्य सावली बघाच, मुंबईत १५-१६ मेच्या सुमारास, पुण्यात त्याच्या एक-दोन दिवस आधी, कोल्हापूरकडे पहिल्या आठवड्यात, गच्चीत एक सरळ बाटली उभी करायची आणि सावली गायब होताना बघायची. मुंबईत ती बारा वाजता नाही, साडेबारा वाजून गेल्यावर गायब होते, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरचं आहे, उत्तर प्रदेशातून जाणारं, आपल्याकडे सूर्य उशिरा डोक्यावर येतो. टोपी घाला आणि सूर्याकडे बघायचं नाही.

वाचन-लेखनाला माझा अनुभव असा की मुलाला लिहायला लावायचं असेल तर कुणीतरी खरंच वाचणारं हवं. सुट्टीत काय केलं यावर निबंध कुणाला हवाय! गावाच्या आजीला पत्र, कारण ती उत्तर देते. किराणा यादी, कारण दुकानदार वाचतो आणि 'गुळ' ऱ्हस्व लिहिलं तरी त्याला कळतं पण 'रवा' च्या जागी 'राव' लिहिलं तर हसतो. गणपतीत घरच्या मंडळींना आमंत्रणं, कुणाकडे कधी आरती हे वेळापत्रक. वाचायला बालभारतीचं किशोर मासिक घ्या, १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, एकेक अंक जबरदस्त आहे. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं पण पीडीएफमधे फुकट मिळतात, त्यामुळे महागडी करिक्युलम किट विकत घेण्याआधी ती डाऊनलोड करून बघा. विज्ञानाच्या खेळण्यांसाठी पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून पसरलेली, काडेपेटी-स्ट्रॉ-जुन्या टायरट्यूबपासून बनणारी खेळणी शोधा, पैसे लागत नाहीत.

आता जे कुणी नीट सांगत नाही ते. घरकामातून सगळं शिकून होत नाही. पाढे, भागाकार, शुद्धलेखन, पुढे बीजगणित, इंग्लिशचं व्याकरण, हे बसूनच करावं लागतं, रोज, आणि त्याला कंटाळा येतो, येऊ दे. माझ्या मते सात वर्षाच्या मुलाला बसून अर्धा-पाऊण तास पुरे आणि अकराच्या मुलीला दीड-दोन तास, पण ते रोज, सणवार सोडून. 'आम्ही अनस्कूलिंग करतो, मुलं आपोआप शिकतात' असं म्हणून दोन-दोन वर्षं भागाकाराकडे न बघणारी कुटुंबं मी पाहिली आहेत आणि मग चौदाव्या वर्षी परीक्षा समोर आली की धांदल उडते. बसून करायचा अभ्यास सकाळी उरकून टाका, एकदा पोरं खाली खेळायला गेली की मग शक्य नाही.

दुसरी बाजू पण सांगते. काही आईबाबांना सवयच लागते, मुलाने केळं सोललं की 'सांग बरं केळ्यात कुठलं खनिज असतं', पाऊस आला की जलचक्र, चिमणी दिसली की वर्गीकरण. पोरं वैतागतात. दिवसात एखादी गोष्ट धरा, बाकी वेळ केळं खाऊ द्या. मुलाने प्रश्न विचारला तर उत्तर द्या, त्याने नाही विचारला तर आपण परीक्षक होऊन मागे लागू नका. आणि बाहेर फिरायला गेल्यावर नातेवाइकांसमोर 'बघा आमचा घरी शिकतो, विचारा त्याला काहीही', हे तर अजिबात नको.

'पण सोशलायझेशनचं काय', हे काका-मामा लोक विचारणारच. खरं उत्तर असं की सोपं नाहीये. सकाळी दहा ते दुपारी चार सोसायटीत एक पोर दिसत नाही, सगळी शाळेत. म्हणून रोज जायची एक ठरलेली जागा हवीच, खो-खोचं मैदान, मल्लखांब, पोहण्याचा क्लास, तबला, सार्वजनिक वाचनालय, गणेश मंडळाचं ढोलपथक वय झालं की. आठवड्यातून एकदा जायच्या क्लासने मैत्री होत नाही, रोज तीच तोंडं दिसली तर होते. आणि वेगवेगळ्या वयाची माणसं भेटू देत, आमच्या धाकट्याचा सध्याचा बेस्ट फ्रेंड खालचा सायकल दुरुस्तीवाला आहे, पंक्चर काढायला शिकलाय त्याच्याकडे, पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधतो आणि घरी येऊन सांगतो.

यात एक मुद्दा घरातल्या पुरुषांसाठी. बहुतेक घरांत होमस्कूलिंग म्हणजे आईने नोकरी सोडायची आणि बाबांनी संध्याकाळी येऊन 'आज काय शिकवलं' विचारायचं असं होतं. तसं असेल तर सुरूच करू नका, खरंच. ठरवून वाटून घ्या, आमच्याकडे सकाळचं बसून करायचं गणित बाबांकडे आहे, ऑफिसला निघायच्या आधी, आणि शनिवारी गाडी धुणं, नळ दुरुस्त करणं, बँक, पोस्ट हे सगळं मुलांना घेऊन तेच करतात.

हाताशी असलेल्या रोजच्या गोष्टींतून शिकवायची ही कल्पना आपल्याकडे काही परदेशातून आलेली नाही बरं का. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मधे डहाणूजवळ बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी, आणि पोरं शाळेत येत नाहीत, गुरं चारायला जातात म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. बिया, काड्या, शंख-शिंपले, मुलांच्या हाताशी जे असेल तेच साहित्य. होमस्कूलिंगवाल्यांनी परदेशी व्हिडिओ बघण्याआधी कोसबाडबद्दल वाचावं असं मला फार वाटतं.

आता परीक्षा. आठवीपर्यंत परीक्षेची घाई नाही. दहावीसाठी घरी शिकणारी बहुतेक मुलं एनआयओएसकडे जातात, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, १९८९ पासूनची, केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखाली, आणि तिचं दहावी-बारावीचं सर्टिफिकेट बाकी बोर्डांच्या बरोबरीचं धरतात. दहावीच्या प्रवेशाला वय चौदा पूर्ण लागतं, पाच विषय घेऊन पास व्हायचं, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, प्रवेश पाच वर्षं चालतो, त्यामुळे दोन विषय आत्ता, तीन नंतर असं करता येतं. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. त्याआधीच्या पातळीसाठी त्यांचे मुक्त बेसिक शिक्षणाचे ए, बी, सी असे टप्पे आहेत, तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे. महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ पण आहे, त्यातून पाचवी-आठवीच्या पातळीची परीक्षा देता येते. तिसरा रस्ता राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म, खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणजे मूल कधी शाळेत गेलेलंच नसेल तर तिथे अडतं. कुठलाही रस्ता घ्या, फॉर्मच्या तारखा आणि फी त्या वर्षीच्या अधिकृत वेबसाइटवर बघा, व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी पीडीएफ तीन वर्षं जुनी असते.

रेकॉर्ड ठेवा. फार नाही, एक शंभर पानी वही, रोज तारीख घालून दोन ओळी, आज काय केलं, काय वाचलं, आणि आठवड्याला एक फोटो छापून चिकटवायचा. किल्ल्याचा नकाशा, मीटरचा तक्ता, आजीच्या पत्राची झेरॉक्स, सगळं त्यातच. दर सहा महिन्यांनी त्या इयत्तेचं बालभारतीचं पुस्तक काढून मागचे स्वाध्याय सोडवून घ्या, कुठे भोक पडलंय ते कळतं.

आणि मूल म्हणालं की मला शाळेत जायचंय, तर जाऊ द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सहाच्या पुढच्या, कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही त्याच्या वयाच्या इयत्तेत प्रवेश मिळतो आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायची जबाबदारी पण कायद्यात आहे, म्हणजे दहा वर्षाच्या पोराला पहिलीत बसवणार नाहीत. जवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांना एप्रिल-मे मधेच भेटून घ्या, जून उजाडेपर्यंत थांबू नका, जन्मदाखला, आधार आणि ती वही सोबत न्या. वही बघून शिक्षक आपसूक बोलायला लागतात, कुठून सुरू करायचं ते त्यांना तिथेच कळतं.